खांबावरून लिहिणारे हिरामणभाऊ

हिरामणभाऊ रामटेके आपल्या ब्लॉगवर आलेली प्रत्येक प्रतिक्रिया मोठ्याने वाचत. मनातल्या मनात वाचणं त्यांना जमतच नसे. माझ्या इंटरनेट कॅफेत चार संगणक, मध्ये प्लायवूडचे आडोसे. एका आडोशात कोणी मुलगी कॉलेजचा अर्ज भरते आहे, दुसऱ्यात कोणी रेल्वेचं तिकीट बघतो आहे, आणि कोपऱ्यातून भाऊंचा खणखणीत आवाज येतो आहे, "सर, आपले लेखन फार आवडले." त्याच सुरात पुढची ओळ, "मूर्ख माणसा, आधी शुद्ध लिहायला शीक." कौतुक असो की शिवी, आवाज तसाच. मीटरचा आकडा वाचावा तसं ते वाचत. वाचून झालं की चष्मा कपाळावर सरकवून मला विचारत, "बाई, हा मानूस कोठचा असन? काय करत असन?"

भाऊ वीज खात्यात लाइनमन होते. काळेसावळे, किडकिडीत, हाताच्या शिरा वर आलेल्या. गोंदियाहून मुर्रीकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझा कॅफे होता. तिथे ते पहिल्यांदा आले ते मुलीच्या, प्रज्ञाच्या परीक्षेचा अर्ज भरायला. दोन हजार आठ सालची गोष्ट. गोंदियात दुकानात शिरलेला माणूस हिंदीतच सुरुवात करतो. "मॅडम, फारम भरना है," असं त्यांनीही म्हटलं, पण माझ्या पडद्यावर मराठी अक्षरं दिसताच ते मराठीवर आले. मी कुण्या बाईंचा स्वयंपाकाचा ब्लॉग वाचत होते.

"हे कोन छापते जी?"

"कोणी छापत नाही. ज्याला वाटेल तो लिहितो. सगळीकडे दिसतं."

"कोनाले विचारा लागत नाई?"

"नाही."

अर्ज भरून झाल्यावर ते पैसे देऊन निघाले. दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "मंग मी काऊन नाई?"

पुढच्या शनिवारी ते एक जाड वही घेऊन आले. वहीत सारस होते. आमच्याकडे धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांमध्ये, सारस घरटं करतात. माणसाएवढा उंच पक्षी, पण धान वाढलं की जमिनीवरून त्याचं घरटं दिसत नाही. खांबावर चढलेल्या माणसाला दिसतं. वीस वर्षं भाऊ तारा जोडता जोडता खाली बघत आले होते आणि रोज संध्याकाळी वहीत लिहीत आले होते. कोणत्या बांधीत जोडी उतरली, नर कधी घरट्यावर बसला, मादी कधी उठली, पिल्लू कितव्या दिवशी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, चढलं. आम्ही ब्लॉग काढला. नाव त्यांनीच सुचवलं, 'खांबावरून'. ते दोन बोटांनी टाइप करत, थकले की मी बसत असे. पासवर्ड त्यांनी माझ्याकडेच ठेवायला सांगितला. "माह्या डोक्यात खांबाचे नंबर आहेत बाई. आनखी जागा नाई."

पहिले दोन महिने कोणी फिरकलं नाही. मग हळूहळू माणसं येऊ लागली आणि माणसांबरोबर भांडणंही आली.

पहिला आला तो 'मायमराठी' हे नाव घेतलेला गृहस्थ. त्याने लिहिलं, "पानी नव्हे, पाणी. आधी भाषा शिका, मग पक्षी शिकवा." मला राग आला. मी लगेच उत्तर लिहायला बसले, तर भाऊंनी माझ्या हाताखालून कीबोर्ड सरकवून घेतला.

"आज नाई. पुरवठा बंद केल्याबिगर तारेले हात नाई लावाचा."

"म्हणजे?"

"तुमचा करंट चालू आहे ना आता. आठ दिवसांनं देऊ जबाब."

तेव्हापासून तो नियम झाला. प्रतिक्रिया या शनिवारी वाचायची, उत्तर पुढच्या शनिवारी. मधल्या आठवड्यात ते वहीच्या मागच्या पानांवर उत्तर लिहीत, खोडत, पुन्हा लिहीत. मायमराठीला त्यांनी दिलेलं उत्तर मला अजून पाठ आहे. "साहेब, तुमच्या सांगण्यावरून सोळा ठिकाणी पाणी नीट केले. एका ठिकाणी पानी तसेच ठेवले आहे. तिथे माझी माय बोलून राहिली आहे आणि ती आता हयात नाही, म्हणून तिला दुरुस्त करता येत नाही." पंधरा दिवसांनी मायमराठींकडून दर लेखाखाली चुकांची यादी येऊ लागली, मूर्ख वगैरे काही नाही, फक्त यादी. भाऊ ती यादी प्रज्ञाच्या शाळेतून आलेल्या प्रगतिपत्रकासारखी गंभीरपणे वाचत आणि एकेक शब्द सुधारून घेत.

सगळेच असे नव्हते. एका गुरुवारी कोणीतरी भाऊंचं आडनाव धरून लिहिलं. सवलतींवर नोकरी मिळवलेल्या माणसाने पक्ष्यांच्या गोष्टी सांगू नयेत, असा सगळा मजकूर होता, आणि पुढे जे होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी ते वाचलं आणि तिथल्या तिथे पुसून टाकलं. शनिवारी भाऊ आले. त्यांनी प्रतिक्रियांचा आकडा पाहिला.

"मंगळवारी मी इकडून चाललो होतो तवा सात होते. बुधवारी तुमी फोनवर आठ म्हटलं. आज आठच आहेत, पन माह्या साडूचा पोरगा म्हने का त्यानं परवा नऊ पायले."

मला खरं सांगावं लागलं. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"पत्र कोनाच्या नावानं होतं?"

"तुमच्या."

"मंग ते तुमी काऊन फाडलं?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं म्हणून."

"ते वाटाचं का नाई वाटाचं, माह्यं काम आहे बाई. तुमी कायले माह्यावतीनं दुखून घेता?"

मजकूर मला आठवत होता. त्यांनी तो माझ्याकडून शब्दन् शब्द वदवून घेतला. मी थांबत थांबत सांगितला, ते मान खाली घालून ऐकत राहिले. मग म्हणाले, "ह्याले जबाब नाई. मायमराठी शिव्या देत होता, पन त्याले काईतरी पायजे होतं. ह्याले काई नाई पायजे. असं पुसाचंच, पन मी पुसन." थोडं थांबून म्हणाले, "खांबावर चढलो का खालचे लोक म्हनते, रामटेकेजी, लवकर करा, घरात अंधार आहे. तवा आडनावात जी असते." ते हसले नाहीत. त्या दिवशी त्यांनी एकही ओळ टाइप केली नाही. लवकर घरी गेले.

आता माझ्या चुकीबद्दल सांगते.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात कामठ्याच्या पलीकडे यमुनाबाई नावाच्या बाईंच्या बांधीत सारसांनी घरटं केलं. यमुनाबाई विधवा, जीभ तिखट, शेती स्वतः बघणाऱ्या. घरट्याने धान दबतं म्हणून त्या काढून टाकणार होत्या. भाऊ चार वेळा त्यांच्याकडे गेले. पहिल्या तीन वेळा बाईंनी त्यांना धुऱ्यावरूनच परत पाठवलं. चौथ्यांदा म्हणाल्या, "तू लय पिरपिर करतोस रे बावा. राहू दे तुझे पाखरं." आणि रोवणीच्या वेळी बांधीचा तो कोपरा मोकळा सोडला. घरट्यात दोन अंडी होती. भाऊंनी हे सगळं ब्लॉगवर लिहिलं, फक्त गावाचं नाव आणि बाईंचं नाव गाळून.

त्या लेखाखाली 'भटक्या' नावाचा एक माणूस आला. लांबच्या शहरातला, महागडा कॅमेरा बाळगणारा. आधी फार गोड बोलला. सर, आपण थोर आहात, फक्त ठिकाण सांगा, एक फोटो काढतो. भाऊंनी उत्तर दिलं, "पिल्ले चालायला लागली की मी स्वतः तुम्हाला नेऊन दाखवीन. तोपर्यंत नाही." भटक्याने पुन्हा विचारलं, भाऊंनी पुन्हा नाही म्हटलं. मग त्याचा सूर बदलला. फोटो नाही, ठिकाण नाही, म्हणजे हा माणूस घरी बसून गोष्टी रचतो. त्याच्या ओळखीचे चार-पाच जण आले. वीस वर्षांच्या वह्या म्हणे, दाखवा की. असले खोटारडे फार पाहिले. खाली यादीच लागली.

नेमकं त्याच वेळी वादळी पावसाने तिरोड्याकडचे खांब पडले आणि भाऊंची ड्युटी तिकडे लागली. दोन शनिवार ते आले नाहीत. मी रोज ते खोटारडा, खोटारडा वाचत होते. तिसऱ्या शुक्रवारी दुपारी मला सहन झालं नाही. पासवर्ड माझ्याकडे होता. भाऊंच्या नावाने मी लिहिलं, खोटं वाटत असेल तर जाऊन बघा, आणि गाव, गावचं छोटं तळं म्हणजे बोडी, बोडीच्या खालची तिसरी बांधी, सगळं लिहून टाकलं. लिहिताना मला फार बरं वाटलं होतं, हेही कबूल केलं पाहिजे.

सोमवारी सकाळी भाऊ खात्याच्या गणवेशातच दारात उभे राहिले.

"बाई, दुकान बंद करा. चाला."

त्यांनी मोटरसायकल कामठ्याच्या रस्त्याला घातली. बांधीवर पोचलो तेव्हा कळलं. रविवारी सकाळी दोन गाड्या भरून माणसं आली होती. धुऱ्यावरून, बांधीतून, जिथून दिसेल तिथून फिरली होती. पक्षी उठले ते दिवसभर परतले नाहीत. एक अंडं कावळ्यांनी फोडलं होतं, दुसरं पाण्यात पडलेलं होतं. धान आडवं झालं होतं. जोडी पार पलीकडच्या बोडीच्या काठाला उभी होती, एकमेकांपासून थोडी दूर.

यमुनाबाई धुऱ्यावर बसल्या होत्या. "तूच लिवलं का वं?"

"हो."

"मंग पाय. नीट पाय."

मी पाहत उभी राहिले. भाऊंनी पँट दुमडली, बूट काढले आणि बांधीत उतरले. उरलेल्या पऱ्ह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या यमुनाबाईंनी आणून ठेवल्या होत्या. तुडवलेल्या जागी पुन्हा रोप लावायचं होतं. मीही उतरले. मला लावता येत नव्हतं, माझी रोपं तरंगून वर येत होती. यमुनाबाई येऊन ती पुन्हा खोचत होत्या आणि पुटपुटत होत्या. दुपार टळून गेली तेव्हा काम संपलं. बाईंनी भात आणि आंबट भाजी दिली. मी ताट बाजूला सरकवलं. भाऊ म्हणाले, "खा. उपाशी राहून अंडं नाई जुडत."

मला वाटलं होतं ते ब्लॉग बंद करतील. पुढच्या शनिवारी ते वही घेऊन आले आणि नेहमीच्या खुर्चीत बसले. भटक्याने आपल्या पानावर घरट्याचा फोटो लावला होता आणि इथे येऊन लिहिलं होतं, "मिळाला. उगाच लपवत होता." भाऊंनी ते मोठ्याने वाचलं, नेहमीच्याच आवाजात. मी खाली बघत होते.

साडूच्या पोराकडे त्यांनी ते आधीच पाहिलं होतं आणि उत्तर लिहून आणलं होतं. त्या एकाच वेळी त्यांनी आठ दिवस थांबण्याचा नियम मोडला. "फोटो चांगला आहे. त्यात दोन अंडी दिसतात. आता एकही नाही. ज्यांची बांधी आहे त्या बाईंनी घरट्यासाठी जागा सोडली होती, पण अंडी त्यांनी जवळून कधी पाहिली नाहीत. त्यांना दाखवायला हा फोटो पाठवा." शेवटी एक ओळ होती, "ठिकाण सांगण्याची चूक माझी."

"भाऊ, हे खोटं आहे. चूक माझी आहे."

"नाव कोनाचं होतं वर?"

"तुमचं."

"मंग?"

ते गेल्यावर मी माझ्या स्वतःच्या नावाने प्रतिक्रिया लिहिली. ठिकाण हिरामणभाऊंनी नाही, मी लिहिलं, त्यांना न विचारता. त्या घटनेनंतर आम्ही अशी सोय केली होती की भाऊंनी बघितल्याशिवाय काहीच दिसणार नाही, त्यामुळे ती आठवडाभर तशीच पडून राहिली. शनिवारी भाऊंनी ती उघडली आणि कॅफेत तीन गिऱ्हाइकं बसलेली असताना पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत मोठ्याने वाचली. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा वर केला.

"हे छापाचं का?"

"हो."

"करंट बंद आहे ना?"

"आहे."

त्यांनी बटण दाबलं आणि खाली लिहिलं, "या बाई नसत्या तर माझी वही पेटीतच राहिली असती." बस, एवढंच.

भटक्याचं उत्तर आलं नाही. पण अकरा-बारा दिवसांनी त्याच्या पानावरून तो फोटो निघाला आणि भाऊंच्या पत्त्यावर मेल आली. एक अक्षर नव्हतं, फक्त फोटो, मोठ्या आकारात. मी तो छापून आणला. यमुनाबाईंनी तो हातात घेऊन उलटसुलट केला, पदराने पुसला आणि आत जाऊन भिंतीतल्या देवळीत ठेवला. पुढची दोन वर्षं त्यांच्या बांधीत जोडी आली नाही. तरी तो कोपरा त्यांनी दोन्ही वर्षं मोकळा सोडला. तिसऱ्या वर्षी आली. भाऊंनी ते लिहिलं तेव्हा पिल्लू उडायला लागलं होतं.

सगळ्यांच्या हातात फोन आले आणि माझा कॅफे दोन हजार चौदाच्या सुमारास बंद झाला. भाऊही निवृत्त झाले होते. शनिवारी ते माझ्या घरी येऊ लागले. मग एका हिवाळ्यात ताप आला, तो फुप्फुसात उतरला, आणि नऊ दिवसांत भाऊ गेले. ब्लॉगवर ती बातमी मी लिहिली.

प्रज्ञा तेव्हा नागपूरला नोकरी करत होती. तिची आई ती सातवीत असतानाच गेली होती, घरात बापलेक दोघंच. विधी आटोपल्यावर ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, बाबांचं ते काय होतं, मला दाखवा. तिने ब्लॉग कधी वाचला नव्हता. माझ्या घरी दोन दिवस बसून तिने सगळे लेख वाचले, आणि लेखांहून जास्त वेळ खालची उत्तरं वाचली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने काहीतरी टाइप केलं, माझ्याकडे न बघता पर्स उचलली आणि स्टेशनवर निघून गेली.

शेवटच्या लेखाखाली तिने लिहिलं होतं, "शिव्या देणाऱ्या परक्या माणसाला आठ आठ दिवस विचार करून उत्तर देणारा हा माणूस घरी माझ्याशी दिवसाला चार वाक्यंही बोलत नव्हता. तुम्ही सगळे त्यांना फार छान ओळखता. मी ओळखत नाही."

मला ते पुसावंसं वाटलं. गेलेल्या माणसाविषयी, त्याच्याच पानावर. मग मी ते भाऊंसारखं मोठ्याने वाचून पाहिलं, घरात एकटी असताना. हिला काहीतरी हवं होतं. मी शनिवारपर्यंत थांबले आणि ते प्रसिद्ध केलं. खाली उत्तर लिहिलं नाही. मी प्रज्ञाला फोन केला आणि म्हटलं, पावसाळ्यात ये, तुला एका बाईंकडे न्यायचं आहे.

ती ऑगस्टमध्ये आली. यमुनाबाई आता वाकल्या होत्या, पण जीभ तशीच होती. प्रज्ञाकडे त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"रामटेकेची पोरगी का वं तू? नाक बापाचं आहे."

"तुमच्याशी खूप बोलायचे का बाबा?" प्रज्ञाने विचारलं.

"पाखरायचं बोले. दुसरं काई नाई." यमुनाबाईंनी हाताने धुरा दाखवला. "तू नागपूरले शिकाले गेली ना, त्या दिवशी इथं येऊन बसला होता. दुपारपासून. मी म्हटलं, आज डुटी नाई का? तं म्हने, सुट्टी काढली. पाखरं समोर होते, पन तिकडे पाहे नाई. सांज झाली. मी म्हटलं, रामटेके, घरी काऊन नाई जात? तं म्हने, घर खाली होऊन गेलं, कोनी नाई तिथं."

"आणखी काय म्हणाले?"

"काई नाई. बसून राहिला."

प्रज्ञाने चपला काढल्या आणि ती धुऱ्यावर बसली. यमुनाबाई तिच्या शेजारी बसल्या. मी थोडी मागे उभी होते. सांज होत आली, तरी निघू या असं मी म्हटलं नाही.